मटाई क्रीकच्या हॉलचा बॅकअप

बॅकअप घेणाऱ्या माणसाला गावात मान नसतो. मी दर रविवारी जेवणानंतर बॅकअप घेतो हे मटाई क्रीकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं आहे. कुणाचा कॉम्प्युटर जळाला, कुणाचा फोन मेंढ्यांच्या हौदात पडला, की मी समाचाराला जातो आणि निघता निघता हळूच विचारतो, "बॅकअप होता ना?" नसतोच. मग मी नुसती मान हलवतो. माझी बायको नोइलीन म्हणते, हल्ली आपल्याला कुणी जेवायला बोलवत नाही त्याचं कारण ही मान आहे.

तर एका मंगळवारी सकाळी माझा जुना कॉम्प्युटर वारला. बटण दाबलं, आतून खोकल्यासारखा आवाज आला आणि संपलं. मला दुःख झालं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आतून गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं ज्या संकटाची वाट पाहिली ते एकदाचं दाराशी आलं होतं, आणि मी तयार होतो. त्याच दुपारी शहरात जाऊन नवा कॉम्प्युटर आणला. दुकानदार म्हणाला, जुना डेटा आम्ही भरून देतो. मी म्हटलं, गरज नाही, माझ्याकडे बॅकअप आहे. हे वाक्य उच्चारताना माणसाची मान किती ताठ होते ते ज्यानं उच्चारलंय त्यालाच कळेल.

पण घरी येताना हॉलवरून गाडी नेली आणि ती मान जरा खाली आली.

आमचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, लाकडी भिंती आणि चहाची एक प्रचंड किटली. लग्नं तिथेच, मयताचा चहा तिथेच, मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेची बक्षिसंही तिथेच. मी त्याच्या कमिटीचा सेक्रेटरी. आमचा अध्यक्ष मर्व टेट वारल्यापासून वार्षिक सभेला कोरम म्हणून जमलेला नाही. लोक येत नाहीत. फोन केला तर "येईन की, बघतो" म्हणतात, आणि आमच्याकडे न येण्याची ती सभ्य रीत आहे. शेवटी कौन्सिलनं कळवलं, या वर्षी रीतसर सभा झाली नाही तर हॉल विकायला काढू. म्हणजे कुणीतरी तो विकत घेऊन गवताचे गठ्ठे भरून ठेवणार. ज्या फरशीवर नाचताना मी नोइलीनच्या पायावर पहिल्यांदा पाय दिला, तिच्यावर.

सभा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी होती. नोटीस आठवडाभर आधी जायला हवी होती. आणि ती हॉलच्या पत्त्यावरून, मेलनंच जायला हवी होती, इतर कुठल्याही मार्गानं नव्हे. हा आचरट नियम कुणी केला? मी. काळाबरोबर चालायला हवं, असं टेबलावर हात आपटून मी तो मंजूर करून घेतला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सभासदांचे पत्ते, हॉलचा सगळा पत्रव्यवहार, मेलचा पासवर्ड, सगळं त्या मेलेल्या कॉम्प्युटरात होतं. आणि अर्थात बॅकअपमध्ये.

बॅकअपची डिस्क मी बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. काढली, नव्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्कनं टक टक टक केलं आणि गप्प झाली.

नोइलीन म्हणाली, "दुकानात ने."

"आत्ताच मान ताठ करून आलोय तिथून," मी म्हटलं.

"मग वाकव थोडी. वंगण देऊ का?"

तेवढ्यात कुंपणावरून बेव्हन डोकावला. बेव्हन आमचा शेजारी. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू नीट धरली की वठणीवर येते अशी त्याची श्रद्धा आहे. यंत्र बिघडलं की दोन उपाय, तार आणि थंडी, असं तो म्हणतो.

"टक टक करतेय? फ्रीजरमध्ये ठेव."

"बेव्हन, ती डिस्क आहे. कोकराची तंगडी नाही."

"माझ्या मेव्हण्यानं ठेवली होती. चालली."

"किती दिवस चालली?"

"ते विचारलं नाही. मेव्हण्याशी मी बोलत नाही."

मी सुशिक्षित माणूस. पाणी खात्यात मीटर तपासण्यात हयात गेली माझी. असल्या गावठी उपायांना मी भीक घालत नाही. त्यामुळे बेव्हन आत जाईपर्यंत थांबलो आणि मग डिस्क पिशवीत गुंडाळून मटारांच्या खाली सरकवली. बाहेर काढून पुसली, दुसरी वायर लावली, आणि ती चालू झाली. माझ्या मते बिघाड पहिल्या वायरीत होता. पण बेव्हननं तोवर दुकानात, पंपावर आणि चर्चबाहेर सांगून टाकलं होतं की डेसचा डेटा मी वाचवला. डेस म्हणजे मी. त्यानंतर लोक मला भेटले की विचारायचे, मटार कसे आहेत.

डिस्क चालली, पण नव्या कॉम्प्युटरमधल्या मेलच्या प्रोग्रामनं बॅकअपकडे पाहून नाक मुरडलं. म्हणाला, ही फाइल फार जुनी आहे, आधी जुन्या प्रोग्राममध्ये उघडा. जुना प्रोग्राम मिळवला. तो म्हणाला, हा कॉम्प्युटर फार नवा आहे, मी इथे चालणार नाही. सासू-सुनांच्या भांडणात सापडलेल्या माणसासारखा मी दोघांमध्ये बसून राहिलो.

मग वाटलं, सरळ मेलच्या कंपनीलाच फोन करावा. पासवर्ड बदलून मिळाला तर निदान नोटीस तरी जाईल. बराच वेळ होल्डवरची बासरी ऐकल्यावर एका बाईचा फार गोड आवाज आला.

"खातं मिस्टर मर्विन टेट यांच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"ते वारले."

"अरेरे. वाईट वाटलं ऐकून. मग त्यांना फोन करायला कुठली वेळ सोयीची पडेल?"

मी म्हटलं, ते हॉलमागच्या दफनभूमीत असतात, वेळेची काही अडचण नाही, फक्त उचलणार नाहीत. तिनं ते बहुधा लिहून घेतलं. मग म्हणाली, खातं तुमच्या नावावर करायचं असेल तर वार्षिक सभेचा तसा ठराव पाठवा. मी म्हटलं, बाई, सभा भरवायलाच हे खातं हवंय. ती म्हणाली, हो ना, सभा झाली की लगेच पाठवा, आणि तुमचा दिवस छान जावो.

कौन्सिलमध्ये आमचं प्रकरण अनाहेराकडे होतं. कामाला चोख. तिला फोन करून म्हटलं, या वेळेपुरती नोटीस दुकानाच्या दारावर चिकटवली तर?

"डेस, चिकटवा हवं तर. पण ती ग्राह्य धरता येणार नाही. नियम तुमचाच आहे."

"तो मी बदलतो."

"जरूर. वार्षिक सभेत बदलता येतो."

नोइलीननं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती इस्त्री करता करता म्हणाली, "जाऊ दे ना डेस. इतकं कुणाला पडलंय?"

हे मात्र मला लागलं. कारण तिचं खरं होतं. कुणालाच पडलेलं दिसत नव्हतं, आणि मी एकटा फ्रीजरमधून डिस्का काढत बसलो होतो. पण एकदा डोक्यात घेतलं की मी सोडत नाही. मीटर तपासनीसाला कुत्री चावतात, लोक दार लावून घेतात, तरी आकडा घेतल्याशिवाय तो परतत नाही. मी उठलो आणि गाडी काढली.

आमच्या कचरा डेपोला लागून एक शेड आहे. लोकांनी टाकलेलं जे अजून धडधाकट असतं ते तिथे विकायला मांडतात. तिथे मला एक जुना कॉम्प्युटर मिळाला. आकारानं मायक्रोवेव्हएवढा, चालू केला की ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, पण जुना प्रोग्राम त्यात आनंदानं बसला. म्हणजे बॅकअप आधी त्या म्हाताऱ्यात उतरवायचा, तिथून नव्यात चढवायचा. जेवणाच्या टेबलावर आता मेलेला, म्हातारा आणि नवा असे तीन कॉम्प्युटर झाले. नोइलीन आणि मी इस्त्रीच्या टेबलावर ताटल्या ठेवून उभ्यानं जेवायला लागलो. बेव्हन रोज डोकावून विचारायचा, "अजून फ्रीजरमध्ये काही ठेवायचंय?"

नोटिशीच्या अखेरच्या दिवशी, शनिवारी दुपारी, बॅकअप किती चढला ते दाखवणारी हिरवी पट्टी टोकाला पोचली. आणि नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुने मेल भराभर उतरायला लागले. हॉलच्या गटाराची तक्रार. किटली कुणी नेली याची चौकशी. किटली मीच नेली, असं बेव्हनचं उत्तर. सगळं जसंच्या तसं. मी नोइलीनला मोठ्यानं हाक मारली. ती हात पुसत आली, पाहिलं, आणि म्हणाली, "छान." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर "छान" पुष्कळ असतं.

लगेच नोटीस लिहायला बसलो. दोन पानं झाली. हॉलचा इतिहास, कौन्सिलच्या नियमाचा अन्वयार्थ, नागरिकांची कर्तव्यं, सगळं घेतलं. एकही मुद्दा सुटू दिला नाही. सगळ्या सभासदांचे पत्ते टाकले आणि "पाठवा" दाबलं.

एक मेल गेल्याचा आवाज झाला. आणि मग, मी न दाबता, आणखी एकदा झाला.

मी वायर उपटली. पण सुटलेला बाण आणि गेलेला मेल सारखाच.

हा दुसरा मेल कुठला ते सांगायला हवं. मर्वनं उभ्या आयुष्यात कीबोर्डला बोट लावलं नाही. हॉलचे मेल लिहायचो मी. तो शेजारी चहाचा मग घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "खोड ते." मी एक परिच्छेद लिहावा, त्यानं म्हणावं, "खोड." शेवटी दोन ओळी उरायच्या आणि खाली मर्वचं नाव. त्याचं शेवटचं श्रमदान ठरलं होतं तेव्हा तो दवाखान्यात होता. तिथून फोनवर त्यानं मजकूर सांगितला आणि म्हणाला, डॉक्टर मला कधी सोडतो ते कळू दे, मग पाठव. मी तो आउटबॉक्समध्ये "थांबवून ठेवा" अशी खूण करून ठेवला. डॉक्टरनं त्याला सोडलं नाही. त्यानंतर तो मेल पाठवायला अर्थ नव्हता, आणि पुसायला माझा हात धजला नाही. तिथेच राहिला. बॅकअपमध्ये मेल आला. खूण आली नाही.

मजकूर असा होता: "शनिवारी सकाळी. हॉलची दक्षिणेची भिंत. ब्रश आणा. ताट आणा. मर्व."

ताट म्हणजे सगळ्यांसाठी खाणं भरलेलं, हे आमच्याकडे लिहायची गरज नसते. तारीख मर्व कधीच घालायचा नाही. शनिवार म्हणजे येता शनिवार, एवढं ज्याला कळत नाही त्याच्या हाती ब्रश देऊ नये, असं त्याचं मत होतं.

मी ताबडतोब तिसरा मेल लिहिला. तांत्रिक कारणानं कै. अध्यक्षांच्या नावे गेलेल्या संदेशाकडे कृपया दुर्लक्ष करावं, त्यामागची कारणपरंपरा पुढीलप्रमाणे. तोही दीड पान झाला. पाठवला. पण जीव थाऱ्यावर येईना, कारण सभासदांमध्ये एक नाव आयरिस टेट असंही होतं. मर्वची बायको. तिच्या फोनवर नवऱ्याचा मेल वाजला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी गेलो. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती.

"आयरिस, ते जे आलं, ती एक तांत्रिक..."

"आत ये. चहा घे."

मी बसलो. ती बराच वेळ कपात ढवळत राहिली. ती चहात साखर घेत नाही.

"त्या भिंतीचं त्याला फार लागून राहिलं होतं," ती म्हणाली. "मी विचारायची, पोरांना फोन लावू का, तर म्हणायचा, हिवाळ्याआधी भिंतीला हात लागला पाहिजे. मी चिडले होते डेस. मरणाच्या दारात माणूस काय बोलतो, भिंत. रंगाचे डबे अजून शेडमध्ये आहेत. हलवले नाहीत मी."

पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मेल चुकून गेला, असं लोकांना कळवलंस का?"

"कळवलं. लगेच."

"केवढं लिहिलंस?"

"सविस्तर."

"मग हरकत नाही," आयरिस म्हणाली. "कुणी वाचणार नाही."

आणि मला दटावून म्हणाली, आता तोंडानंही कुणाला सांगायचं नाही.

शनिवारी सकाळी नोइलीन आणि मी हॉलवर पोचलो तेव्हा गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. वरच्या खोऱ्यातले लोक आले होते, ज्यांना मी मर्वच्या मयतानंतर पाहिलं नव्हतं. शिड्या, ब्रश, जुने शर्ट. टेबलावर चीजचे स्कोन, सॉसेज रोल, शतावरी गुंडाळलेले ब्रेडचे रोल आणि एक पाव्हलोवा. जो तो भिंत खरवडत होता. मी एकेकाला विचारत फिरलो.

"मर्व गेला हे माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की. शवपेटीला खांदा मीच दिला," बेव्हन शिडीवरून म्हणाला.

"मग आलास कसा?"

"मर्वनं बोलावलं."

"पण तो—"

"हे बघ डेस, आपल्याकडचं इंटरनेट. तीन वर्षं म्हणजे काही फार नाही. ती खरवडायची पट्टी दे."

"आणि माझी नोटीस? दुपारच्या सभेची? वाचलीस?"

"दोन पानांची ती? बघायचीय अजून."

वरच्या खोऱ्यातल्या लोकांनाही विचारलं. त्यांनाही बघायची होती. नोइलीनला विचारलं. ती म्हणाली, तू मला घरी वाचून दाखवायला लागलास तेव्हा मी कपडे वाळत घालायला गेले होते.

मग आयरिसनं रंगाचे डबे आणले. वरची साय काढून ढवळले. कमिटीनं एकमतानं राखाडी रंग ठरवला होता, त्याचा ठराव मीच लिहिला होता. डब्यातून निघाला जर्दाळूचा रंग, तोही पिकून फुटायला आलेल्या जर्दाळूचा. सगळे थांबून पाहत राहिले.

"सेलमध्ये मिळाला म्हणाला होता," आयरिस म्हणाली. "मी बोलले होते त्याला."

बेव्हननं ब्रश बुडवला आणि सुरुवात केली. दुपारपर्यंत भिंत झाली. ती आता पलीकडच्या टेकडीवरूनही दिसते.

अनाहेरा सभेला आली ती दारातच थबकली. आत कोरमला पुरून उरतील इतकी माणसं, सगळी रंगानं माखलेली, तोंडात सॉसेज रोल. माझी छाती फुगली. तिनं डोकी मोजली, खुर्चीवर बसली, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "डेस, बाहेर मी एकाला विचारलं, सभेला आलात का. तो म्हणाला, कसली सभा, रंगवायला आलोय."

"तो विसरला असेल."

"मला लिहून द्यावं लागतं की लोक नोटीस वाचून सभेला आलेत. श्रमदानाची गर्दी सभा म्हणून चालत नाही. मलाही वाईट वाटतं."

तिला खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. इतके मटार, इतकी बासरी, तो कचऱ्यातला म्हातारा, आणि घास तोंडाशी येऊन असा जाणार. दोष कुणाचा म्हणायचा? दोन पानं लिहिणाऱ्याचा.

अनाहेरा उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "मला एकच विचारायचंय. सेक्रेटरीची सभेची नोटीस ज्यांनी मिळाल्यावर वाचली, त्यांनी हात वर करा."

मी जमिनीकडे पाहिलं. माझ्या गावाला मी ओळखतो. इथली माणसं कर चुकवतील, पण तोंडावर खोटं बोलायला लाजतात.

पहिल्या ओळीतून आयरिसचा हात वर गेला.

"मी वाचली," ती म्हणाली. "दोन्ही पानं."

तिच्या मागे बेव्हनचा गेला, कोपरापर्यंत जर्दाळू रंगाचा. मग नोइलीनचा. मग वरच्या खोऱ्यातल्यांचे, मग भिंतीला टेकून उभे होते त्यांचे. हळूहळू सगळा हॉल हात वर करून बसला, आणि एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

अनाहेरानं त्या रंगलेल्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "दुसऱ्या पानावर काय होतं?"

बेव्हननं घसा साफ केला.

"हेच की," तो म्हणाला, "हा हॉल आपला आहे, तो जाऊ द्यायचा नाही. आणि डेस एकटा फार दमलाय, तर सगळ्यांनी यावं."

अनाहेरा माझ्याकडे वळली. "असं लिहिलं होतंत?"

दुसऱ्या पानावर गाड्या कुठे लावाव्यात ते होतं. माझे डोळे भरून आले होते.

"साधारण असंच," मी म्हणालो.